टिपाडातली नळी आणि गावाची वही

(जिल्हा मेळाव्यात एका गावशाखेच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावाचं काही ऐकायला मिळेल म्हणून तुम्ही आलात. ते पुढचे वक्ते बोलतीलच. आमच्या गावशाखेला अर्धा तास मिळाला आहे आणि तो आम्ही एका नळीवर खर्च करणार आहोत. प्लॅस्टिकची, हिरवी, प्रत्येकाच्या गोठ्यात खुंटीला अडकवलेली असते ती नळी. आणि नळीपाठोपाठ एका वहीवर. वहीचं नाव काढलं की चळवळीतल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. आमच्याही पडली होती. लायसन, परमिट, रजिस्टर आणि इन्स्पेक्टर यांच्या विरोधात घोषणा देता देता आपल्यातल्या कित्येकांचे केस पिकले, आणि आता तुम्हीच वही ठेवा म्हणता? जरा दम धरा. आधी काय झालं ते सांगतो.

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. पऱ्हाटी बोंडावर आलेली, फवारणीची घाई. आमच्या गावात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेही सकाळी तासभर. आमच्यापैकी एकानं नळ आल्याबरोबर अंगणात टिपाड भरायला लावलं. पद्धत तीच, जी तुमची आहे. आधी औषध ओतायचं, मग नळी पार तळाला सोडायची. पाण्याच्या जोरानं औषध आपोआप ढवळलं जातं, काडी फिरवायची दगदग नाही. टिपाड भरत आलं आणि लाइट गेली. मोटार थांबली, टाकीत पाणी नव्हतंच, धार आटली. आमचा माणूस चहा प्यायला आत गेला. परत येऊन पाहतो तर टिपाड अर्धं रिकामं. त्याला वाटलं, टिपाडाला भोक पडलं. त्यानं खाली वाकून जमीन पाहिली. जमीन कोरडी होती.

त्याच वेळी उताराच्या वस्तीत सहा-सात नळांना ताकासारखं पाणी येत होतं. औषधाचा वास मारत होता. एका म्हातारीला वाटलं, आज पंचायतीनं ब्लीचिंग पावडर जास्त टाकली. तिनं हंडा भरून ठेवला. दोन लेकरांना उलट्या झाल्या, त्यांना तालुक्याला न्यावं लागलं. लेकरं वाचली, म्हणून आम्ही आज इथे तोंड उघडून बोलू शकतो.

टिपाड आमचं होतं, भावांनो. नळी आमची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे आम्ही सरकारी कागदावर टीका करणार आहोत आणि टीका करणाऱ्यानं आपली बाजू झाकून ठेवू नये.

पाणी माघारी कसं जातं

हे समजायला इंजिनिअर लागत नाही. बॅरलमधून डिझेल काढताना आपण काय करतो? नळीचं एक टोक डिझेलात बुडवतो, दुसरं खाली धरतो, तोंडानं एकदा ओढतो, आणि मग डिझेल आपोआप येत राहतं. खालचं टोक बॅरलमधल्या डिझेलापेक्षा खाली आहे आणि वरचं टोक बुडालेलं आहे, एवढ्या दोन गोष्टी पुरतात. त्या सकाळी गावच्या पाइपलाइननं तेच केलं. पाणी पुढून येईना, उतारावरच्या घरांच्या तोट्या उघड्या, त्यांनी लाइनीतलं पाणी आपल्याकडे ओढलं, आणि लाइनीला जिथून मिळेल तिथून भरपाई हवी होती. तिला आमची बुडालेली नळी सापडली.

विहिरीवरही हेच होतं. फुटवॉल गळका असला की मोटार बंद केल्यावर पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं आणि सकाळी पुन्हा पाइप भरत बसावा लागतो, हे कोणाला माहीत नाही? आपण फुटवॉलला शिव्या देतो, पण त्या वेळी पाइपाचं दुसरं टोक औषधाच्या टिपाडात बुडालेलं असेल तर विहिरीत काय उतरलं याचा विचार करत नाही. ज्यांनी कपाशीला ठिबक केलं आहे आणि व्हेंचुरीनं खत-औषध सोडतात, त्यांच्याकडे तर औषधाची बाटली आणि विहीर एकाच पाइपाला जोडलेल्या आहेत. मध्ये चालू-बंद होतो तो महावितरणच्या मर्जीनं. आपल्या शेतीतला सगळ्यात मोठा अपघात करणारा माणूस कोण, तर लाइट. आणि ज्यांनी नळाला थेट टुल्लू पंप लावला आहे त्यांनी जरा इकडे बघा. तुमचा पंप लाइनीतून पाणी ओढतो तेव्हा गटाराशेजारच्या गळक्या सांध्यातून घाणही ओढतो. ती तुम्ही तर पिताच, शेजाऱ्यालाही पाजता.

आता थोडा हिशेब. क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी हे औषध आपल्या ओळखीचं आहे. समजा २०० लिटरच्या टिपाडात ४०० मिली टाकलं आणि अर्धं टिपाड माघारी गेलं. म्हणजे २०० मिली औषध लाइनीत गेलं. त्यात मूळ विष ४० ग्रॅम. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात हे विष एका लिटरला ३० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. भागाकार करा. तेवढं विष त्या मर्यादेपर्यंत पातळ करायला १३ लाख ३३ हजार लिटर पाणी लागेल. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबानं दोन हजार वस्तीच्या गावाचं हे बारा दिवसांचं पाणी झालं. आणि प्रत्यक्षात ते असं सारखं मिसळत नाही. पहिल्या चार घरांना दाट मिळतं, शेवटच्याला पातळ.

कोणी म्हणेल, उकळून पिऊ. उकळल्यानं जंतू मरतात, औषध जातंच असं नाही. कोणी म्हणेल, जास्त ब्लीचिंग टाकू. तो तर उलटा उपाय आहे. क्लोरीन लागलं की क्लोरपायरीफॉसचं जे रूप होतं ते मूळ औषधाहून जास्त विषारी असतं.

कागद काय म्हणाला

तिसऱ्या दिवशी माणसं आली. त्यांच्याकडे तपासणीची पेटी होती, गावोगावी बाया जिच्यावर पाणी तपासायला शिकल्या ती. क्षार, नायट्रेट, फ्लोराईड, लोह, गढूळपणा, क्लोरीन, सगळं तपासलं. जंतूंची बाटली लावली. सगळं चांगलं निघालं. निघणारच, कारण त्या पेटीत औषध शोधायची सोयच नाही. तपासणाऱ्या मुलीनं तिचं काम नीट केलं, तिला आम्ही दोष देत नाही. पंचायतीतलं क्लोरीनचं रजिस्टर पाहिलं. महिनाभर रोज ओटी टेस्ट पिवळी आलेली, एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी. आमच्याकडे गावाचं कार्डही हिरवं होतं. तुम्हाला माहीत आहे, पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या जागांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आम्ही पाहिलेल्या कागदांत टाकीला गळती आहे का, विहिरीभोवती घाण आहे का, पावडर शिल्लक आहे का, असे रकाने होते. कोणाची नळी कशात बुडाली होती, हा रकाना कुठेच नव्हता.

शेवटी कागदावर आलं : पाणी पिण्यास योग्य. आणि वस्तीतल्या माणसांना विचारलं गेलं, वास आला होता याची काही नोंद आहे का? कधी आला, किती नळांना आला, कोणतं औषध होतं? ज्या घरात लेकरं आजारी पडली त्या बापाला काय सांगता येणार होतं? तो मजुरीला जाणारा माणूस. हंडे ओतून दिले होते. वरच्या आळीला पाणी चांगलंच आलं होतं, त्यामुळे वरची आळी म्हणाली, आम्हाला तर काही जाणवलं नाही. औषधाची तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत होते, आणि तिथे पहिला प्रश्न हाच असतो की शोधायचं काय? नाव माहीत नसेल तर ते शंभर औषधं कशी शोधणार? ते नाव फक्त एका माणसाला माहीत होतं आणि तो आमच्यातला होता. तो भीतीनं दीड महिना बोलला नाही. रिकामी बाटली त्यानं चुलीत जाळली.

२०१७ साल आठवा. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. तिथे कारण वेगळं होतं, विष नळातून नव्हे, अंगावरून आणि श्वासातून गेलं. पण दोष कोणाचा म्हणून वाद झाला तेव्हा पहिलं बोट फवारणाऱ्याकडेच दाखवलं गेलं. कोणती दोन औषधं मिसळली, कोणी मिसळायला सांगितली, पावती कुठे आहे, या प्रश्नांना गरिबाकडे कागदी उत्तर नव्हतं. ज्याच्याकडे कागद, त्याचं खरं. हा नियम आपण केला नाही, पण बाजार समितीपासून तहसीलपर्यंत आपण तो रोज भोगतो. काटापट्टी नसताना कधी मालाचे पूर्ण पैसे मिळालेत का?

तिकडे काय करतात

आमच्यातल्या शिकलेल्या पोरांनी अमेरिकेतली माहिती काढली. ती सांगतो, कारण तिथेही हे शेतकऱ्याच्याच टाकीमुळे घडलं आहे. मेरीलँड राज्यात वुड्सबोरो नावाचं छोटं गाव आहे. १९८३ साली तिथल्या नळांना पिवळं पाणी आलं. तणनाशकाची टाकी आणि गावची लाइन यांच्यामधला वॉल कोणीतरी उघडा ठेवला होता, त्यात पाण्याचा पंप बंद पडून लाइनीचा दाब गेला, आणि पॅराक्वाट नळात आलं. होय, तेच पॅराक्वाट, जे तुम्ही-आम्ही तणावर मारतो. संडासात ओतण्याशिवाय कशालाही पाणी वापरू नका, असं लोकांना सांगावं लागलं. रंग पिवळा होता म्हणून लवकर कळलं.

दुसरं उदाहरण नेब्रास्काचं. तिकडेही ज्वारी पिकते, मायलो म्हणतात तिला, आणि बहुतेक जनावरांना घालतात. पाण्यातून खत-औषध सोडण्याची पद्धत तिथे फार. तर १९८६ साली त्या राज्यानं यासाठी कायदा केला. ज्याला पंपाच्या पाण्यातून औषध सोडायचं त्यानं पाइपात माघारी पाणी अडवणारा वॉल बसवायचा, पाइपातली ओढ मोडायला हवा आत घेणारी सोय ठेवायची, पाणी थांबलं की औषधाचा पंपही आपोआप थांबेल अशी जोडणी करायची. हे सगळं तपासून घेतल्याशिवाय परवाना नाही. आणि अपघात झाला किंवा नुसती शंका आली तरी चोवीस तासांच्या आत कळवायचं. गावच्या नळयोजनांसाठीही तिथल्या बऱ्याच राज्यांत असा नियम आहे की असा वॉल ज्याच्याकडे आहे त्यानं तो दरवर्षी तपासून अहवाल पाणी पुरवणाऱ्याकडे द्यायचा. अहवाल आला नाही तर नोटीस, आणि शेवटी नळ तोडतात.

दरवर्षी का? कारण वॉल बसवला म्हणजे काम झालं असं नाही. आपल्या पाण्यात क्षार आहेत, वाळूचा एक खडा झडपेत अडकला की रिटर्न वॉल उघडा तो उघडाच. बाहेरून पितळ चकाकतं, आतून काम शून्य.

आता मुद्द्याची गोष्ट. नेब्रास्कात ही तपासणी कोण करतं? राजधानीतला साहेब नाही. तिथे पाणी आणि जमिनीसाठी २३ जिल्हा मंडळं आहेत आणि त्यांचे सभासद तिथल्याच लोकांनी मतदान करून निवडलेले असतात. वही त्यांची, तपासणारा त्यांचा. आमचा वहीवरचा राग इथे थोडा निवळला. आपला विरोध लिहून ठेवण्याला कधीच नव्हता, आपल्या डोक्यावर बसून दुसऱ्यानं लिहिण्याला होता. उद्या अशी घटना चार गावांत झाली तर वरून नियम येईलच, आणि तो आपल्याला न विचारता येईल. त्यात दंड असेल, दाखला असेल, दाखल्यासाठी हेलपाटे असतील. त्याच्या आधी आपली वही तयार असली तर बोलायला जागा राहते.

आम्ही काय सुरू केलं

पहिली गोष्ट फुकटची आहे. नळीचं टोक टिपाडाच्या काठापासून चार बोटं वर. पाण्यापासून नव्हे, काठापासून, कारण पाणी काठापर्यंत चढतं. मध्ये हवा असली की ओढायला काही उरत नाही. जगातल्या कोणत्याही वॉलपेक्षा ही चार बोटं भरवशाची, ती गंजत नाहीत. आधी पाणी भरा, नळी काढून खुंटीला लावा, मगच औषध ओता आणि काडीनं ढवळा. त्याहून बरं, औषध नळापाशी आणि विहिरीपाशी आणूच नका. पाणी शेतात न्या आणि तिथे मिसळा. आमच्या बायकांनी हे ऐकून सुनावलं की पाणी वाहायचं आम्हीच ना? बरोबर आहे त्यांचं. म्हणून आमच्याकडे आता पाण्याची टिपाडं बैलगाडीवर जातात, बायांच्या डोक्यावर नाही. जिथे गडी ऐकत नाही तिथे अजून भांडण चालू आहे.

दुसरी गोष्ट, ज्यांची व्हेंचुरी आहे त्यांनी मोटारीच्या बाजूला चांगला रिटर्न वॉल बसवायचा आणि हंगामाआधी तो तपासायचा. तपासणी साधी आहे. औषधाच्या जागी स्वच्छ पाण्याची बादली ठेवा, पाण्याच्या पातळीवर कोळशानं खूण करा. मोटार चालवा, बंद करा, बंद करताक्षणी पुन्हा दुसरी खूण करा आणि विडी संपेपर्यंत थांबा. बादलीतलं पाणी दुसऱ्या खुणेखाली गेलं किंवा बादली वर भरू लागली, तर वॉल गेला. फक्त हे करताना बादलीला किंवा नळीला औषधाचा जुना हात लागलेला नको.

तिसरी गोष्ट वही. शंभर पानी, दुकानातली. ती पंचायतीच्या कपाटात नाही, गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीतल्या दोन बायांकडे आहे. त्या समितीत निम्म्या बाया असाव्यात असा नियमच आहे, मग त्यांच्याकडे सह्यांपलीकडे काही काम असू द्या. वहीत रोज लिहायचं नाही. रोज लिहायला लावलं की त्या ओटी टेस्टसारखं महिन्याच्या शेवटी एका बैठकीत लिहिलं जातं. लिहायचं ते तीनच वेळा. वॉल तपासला की तारीख, कोणाचा, टिकला की गेला. पाणी चालू असताना लाइट गेली आणि त्या वेळी कुठे औषधाचं टिपाड भरत होतं असं कळलं, तर ते. आणि पाण्याला वास, रंग, फेस आला तर किती वाजता, कोणकोणत्या नळाला, कोणी पाहिलं. त्या तिसऱ्या वेळी नुसतं लिहून भागत नाही. वॉटरमननं लगेच वॉल बंद करायचा, वस्तीत माणूस पळवायचा, काचेच्या स्वच्छ बाटलीत नमुना भरून ठेवायचा, आणि ज्याचं टिपाड त्यानं औषधाची बाटली लेबलसकट आणून द्यायची. डॉक्टरलाही तेच लेबल दाखवायचं असतं. नोंदीची नक्कल त्याच दिवशी ग्रामसेवकाकडे द्यायची, २०२४ पासून कागदावर त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

सगळ्यात अवघड होतं ते बाटली आणून देणं. ज्याच्या हातून झालं तो कशाला कबूल करेल? ग्रामसभेत यावर दोन तास गेले. काही जण म्हणाले, पाचशे रुपये दंड ठेवा. उताराच्या वस्तीतला, ज्याची लेकरं दवाखान्यात होती तोच बाप उठला आणि म्हणाला, दंड ठेवलात तर पुढच्या वेळी पुन्हा बाटली चुलीत जाईल, मला दंड नको, मला नाव पाहिजे, औषधाचं. ग्रामसभेनं ठरवलं की जो तासाभरात येऊन सांगेल त्याला दंड नाही, शिवी नाही, वहीत त्याचं नावही नाही, फक्त नळाची जागा आणि औषध. जो लपवेल आणि मागून सापडेल त्याचं नाव मात्र ग्रामसभेत वाचलं जाईल. हे बरोबर की चूक, आम्ही अजून भांडतो. आमच्यातल्या काहींना वाटतं, हे फार मऊ आहे. पण त्यानंतरच्या हंगामात दोन माणसं आपण होऊन आली. एकाचं टिपाड भरत असताना लाइट गेली होती, नळी बुडालेली होती, त्यानं धावत येऊन सांगितलं. नळ बंद झाले, लाइन धुवून काढली, त्या दिवशी कोणी ते पाणी प्यायलं नाही. वहीत चार ओळी आहेत.

आता या मेळाव्यापुढे आमची मागणी. प्रत्येक गावशाखेनं रोहिण्या निघण्याआधी अशी वही उघडावी, आणि जिल्ह्याच्या वतीनं आपण जिल्हा परिषदेला लेखी द्यावं की पाण्याच्या पाहणीच्या कागदात माघारी पाण्याचा रकाना घाला, आणि संशय आला तर औषधाची तपासणी मोफत आणि ठरलेल्या दिवसांत करून द्या. ठराव लिहून आणला आहे, जेवणानंतर वाचला जाईल. ज्यांना विरोध करायचा त्यांनी जरूर करावा, पण आधी मांडवाच्या मागे जाऊन यावं. तिथे आम्ही एक नळ, एक टिपाड आणि उतारावर दुसरी तोटी मांडली आहे. टिपाडात औषध नाही, गुलाल कालवलेला आहे. नळी बुडवायची, वरचा कॉक बंद करायचा आणि खालच्या तोटीखाली हात धरायचा. लेकरांना पुढे उभं राहू द्या.